दुखायचं थांबलं, मग कॅप कशाला? : एका दाढेच्या खर्चाचं प्रकरण

मी साताऱ्यात दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. अपॉइंटमेंट, बिलं, लॅबला फोन, पेशंटची नाराजी, सगळं आधी माझ्या टेबलावर येतं. हे प्रकरण आमच्याच एका पेशंटचं आहे, त्यांना विचारूनच लिहितेय, नाव गाव गल्ली काढून टाकलंय. आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण ते काढले तर ह्यात उरतं काय. हे दर आमच्या दवाखान्याचे आणि २०२३-२४ चे आहेत, दुसरीकडे वेगळे असणार, पुण्या-मुंबईत तर असणारच.

पार्श्वभूमी

पेशंट म्हणजे एक काकू, नुकतीच साठी लागलेली. काकांची फॅमिली पेन्शन येते, थोडकी, आणि उन्हाळ्यात त्या पापड, कुरडया, सांडगे करून विकतात, आमच्या डॉक्टर मॅडमकडेही दरवर्षी दोन किलो कुरडया त्यांच्याच. मुलगा चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, पगार २२,५००. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, तिची पगाराची मर्यादा तेव्हा २१,००० ची, म्हणजे दीड हजाराने हुकलं, नाहीतर आईला त्यात दाखवता आलं असतं. लेक पुण्यात, बरी नोकरी आहे. काकूंचा मेडिक्लेम नाही. अर्थात असता तरी फार फरक पडला नसता, कारण साध्या मेडिक्लेममध्ये रूट कॅनाल (दाताची किडलेली नस काढणं) आणि कॅप (दातावर बसवायची टोपी) बसत नाही, अॅक्सिडेंटमध्ये दात तुटून अॅडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. लोक पॉलिसीचं कार्ड घेऊन येतात आणि मला रोज हेच सांगावं लागतं.

जुलै २०२३ मध्ये काकू गालाला रुमाल बांधून आल्या. खालची उजवीकडची मोठी दाढ, कीड पार नसेपर्यंत गेलेली. तीन सिटिंगमध्ये रूट कॅनाल झालं, ४,५०० रुपये, आणि वरचा खड्डा भरायचे ८००. शेवटच्या सिटिंगला मॅडम आतून म्हणाल्या की ह्यावर कॅप लागेल, महिन्याभरात या.

आता माझी चूक. काकू बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या, बटव्यातून नोटा मोजत होत्या, आणि मला म्हणाल्या, "आगं, आता अजून किती?" त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "काकू, कॅपचं नंतर बघू, आधी दुखणं तर जाऊ दे." आकडा सांगितलाच नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले खरं, पण त्यांच्या डोक्यात हे असं बसलं की कॅप म्हणजे वरची शोभा, परवडली तर करायची.

रूट कॅनाल केलेल्या दाढेत होतं काय, तर कीड काढून, नसेपर्यंत रस्ता करून मधला भाग पोकळ होतो आणि बाजूच्या भिंती पातळ राहतात. मध्ये आपण भराव घालतो, पण भरावाने भिंती बांधल्या जात नाहीत. चावताना दाढ बाहेरच्या अंगाला फाकते आणि एक दिवस एखादी भिंत सुटते. कॅप चारी बाजूंनी धरून ठेवते, लाकडी पिंपाला लोखंडी पट्टी असते ना, तसं. आणि वाईट हे की नस काढलेली असल्यामुळे ह्या सगळ्यात दुखत काहीच नाही, त्यामुळे पेशंटला वाटतं सगळं ठीक चाललंय.

मी सप्टेंबरमध्ये फोन केला, गणपती होते. नंतर केला, दिवाळी होती. तिसऱ्यांदा केला तेव्हा काकू जरा वैतागूनच म्हणाल्या, "दुखायचं थांबलं की बाई, आता दाताला टोपी कशाला घालायची?" मग मीही सोडून दिलं.

नेमकी अडचण

१५ जानेवारी २०२४, संक्रांत. तिळाची वडी, जरा कडक झालेली. दोन दिवसांनी काकू दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावर तिळगुळाची कागदी पुडी उघडली, मला वाटलं तिळगूळ आणलाय. आत दाढेचा तुकडा. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तपकिरी. जिभेकडची भिंत हिरडीपर्यंत सुटून आली होती.

एक्स-रे काढला, मॅडमनी जुना भराव काढून आतून बघितलं. मूळ शाबूत होतं, उभी चीर गेलेली दिसत नव्हती. हे नशीब, कारण चीर मुळात उतरली असती तर दाढ काढण्याशिवाय इलाजच नव्हता. पण तुटलेली कड हिरडीच्या पातळीला होती, आणि कॅपला धरायला हिरडीच्या वर साधारण दोन मिलिमीटर तरी दात लागतो. शिवाय काकूंची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी) निघाली ८.४, म्हणजे जास्तच.

त्याच दिवशी पूर्ण तोंड तपासलं तर अजून दोन गोष्टी निघाल्या. वर डावीकडे एका छोट्या दाढेत जुनी मोठी चांदी भरलेली आणि बाजूला तडा. आणि खाली डावीकडे दहा-बारा वर्षांपूर्वी कुठेतरी बसवलेली सिरॅमिक कॅप, कडेला किंचित फट.

मी एस्टिमेट काढलं आणि प्रिंट दिली. पहिली दाढ: हिरडी कापणं २,५००, पोस्ट आणि कोअर (मुळात बसवायची काडी आणि तिच्यावर बांधायचा गाभा) २,०००, झिर्कोनिया (दाताच्या रंगाचं मजबूत सिरॅमिक) कॅप १०,०००. दुसरी: झिर्कोनिया कॅप १०,०००. तिसरी: जुनी कॅप काढून कोअर आणि नवी कॅप, १२,०००. खाली एकूण ३६,५००, बोल्डमध्ये.

रविवारी मुलगा चाकणहून आला, तो कागद हातात घेऊन. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "ताई, ह्यात सेकंडहँड गाडी येईल. सगळे दात काढून कवळीच बसवा ना आईला." आईच्या तोंडात बाकीचे बावीस-तेवीस चांगले दात होते. हे तो रागावला होता म्हणून म्हणाला नाही, त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की ह्यातलं आज काय करायलाच पाहिजे आणि काय थांबू शकतं. तीन दातांचा एक आकडा, म्हणजे घ्या नाहीतर सोडा. त्याला दुसरा अर्थ लागणार तरी कसा?

काय काय पर्याय होते

मॅडमनी त्याला आत बोलावलं, मलाही. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला फक्त त्या तुटलेल्या दाढेचं लिहायला घेतलं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दाढ काढायची, ८०० रुपये, आणि जागा रिकामी सोडायची. बरेच जण हेच करतात आणि ते काही मूर्ख नसतात. पण ती मुख्य चावायची दाढ, मागची दाढ हळूहळू त्या जागेत कलते, वरची खाली उतरू लागते, आणि काकू उजवीकडेच चावायच्या कारण डावीकडे ती फटीवाली कॅप. शिवाय जुलैचे ५,३०० पाण्यात.

दाढ काढून ब्रिज करायचा तर तीन कॅपचे पैसे, सिरॅमिकमध्ये सुद्धा तीन गुणिले ४,५००, आणि त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासायचे. मॅडमना हे पटत नव्हतं आणि मलाही नाही. इम्प्लांट कॅपसकट ३५,००० च्या पुढे, आणि शुगर आटोक्यात आल्याशिवाय मॅडम हातच लावणार नव्हत्या.

राहिलं दाढ वाचवणं. हिरडी थोडी खाली घ्यायची, मुळात पोस्ट बसवून वर गाभा बांधायचा आणि कॅप. आणि इथे खरा पैशाचा प्रश्न येतो, कारण हिरडीचे २,५०० आणि पोस्टचे २,००० कमी होणार नाहीत, कॅप कुठली घ्यायची त्यावरच आकडा हलतो. साधी धातूची २,८००. धातूवर सिरॅमिक ४,५००. झिर्कोनिया १०,०००.

लोकांना वाटतं महाग ती मजबूत. असं सरळ नसतं. धातूची कॅप पातळ असून टिकते, त्यामुळे दात कमी घासावा लागतो, आणि आधीच तुटलेल्या दाढेत जितका दात वाचेल तितकं बरं. दिसायला मात्र चांदीसारखी, आणि निकेलची अॅलर्जी असणाऱ्याला चालत नाही. धातूवर सिरॅमिक दाताच्या रंगाची, पण दोन थर असल्यामुळे दात जास्त घासावा लागतो आणि कडक खाणाऱ्यांच्या तोंडात वरच्या सिरॅमिकचा टवका उडू शकतो. काकू सुपारी फोडून खातात, दाताने. मॅडमनी हे विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या "कधीतरी", आणि सून मागून हसली. झिर्कोनिया रंगाला चांगली आणि मजबूतही, प्रश्न फक्त पैशाचा.

मुलाने वॉरंटीचं विचारलं, कारण झिर्कोनियाबरोबर लॅबचं कार्ड येतं, पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. ती वॉरंटी कॅपची असते, कॅपला तडा गेला तर. कॅपखालचा दात किडला, हिरडी सरकली, तर कार्डाचा उपयोग नाही. हे मी आता कार्ड देतानाच सांगते.

अजून दोन वाटा बघितल्या. कराडला डेंटल कॉलेज आहे, सून तिथे जाऊन विचारून आली, एसटीला बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचं फारसं नव्हतं. तिथे काम बरंच स्वस्त पडत होतं. शिकणारी मुलं करतात पण वर सरांची नजर असते, काम वाईट होतं असं अजिबात नाही. फक्त वेळ लागतो, एकेका सिटिंगला अर्धा दिवस, आणि ह्या दाढेला पाच-सहा खेपा झाल्या असत्या, त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये काकूंची वाळवणं सुरू होतात. एक दिवस पापड राहिले तर तो दिवस परत येत नाही. दुसरी वाट ईएमआयची, बारा महिन्यांची बिनव्याजी. मुलाने फॉर्म वाचला, प्रोसेसिंग फी दिसली, एक हप्ता चुकला तर दंड दिसला, आणि आधीच गाडीचा हप्ता चालू. नको म्हणाला. मलाही बरं वाटलं खरं सांगायचं तर, पण ते माझं मत.

काय ठरलं आणि कसं केलं

पहिला निर्णय मॅडमनी घेतला, तीन दात वेगळे केले. तुटलेली दाढ आत्ता. तडा गेलेली वरची ह्या वर्षात, तोवर त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. जुन्या कॅपला हातच लावायचा नाही, ती हलत नाही, दुखत नाही, एक्स-रेत आत कीड दिसत नाही, दर सहा महिन्यांनी बघायची. म्हणजे ३६,५०० मधले १२,००० तिथेच बाजूला झाले. मी एस्टिमेटमध्ये ते का टाकले होते? तर चेकअपच्या कागदावर "जुनी कॅप, फट" असं लिहिलेलं दिसलं आणि मी सरळ रेट लावला. कुणी विचारलंच नाही.

दुसरा निर्णय काकूंचा. धातूची कॅप म्हटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "हसल्यावर चांदी दिसंल का?" मॅडमनी हातात आरसा दिला, हसा म्हणाल्या. आरसा बघून माणूस मनापासून हसतच नाही, ओठ आवळूनच हसतो. मग सुनेने मोबाईल काढला, काहीतरी त्यांच्या शेजारणीचं बोलली, काकू खळखळून हसल्या आणि तिने फोटो काढले, चार-पाच. झूम करून बघितलं तर खालची मोठी दाढ अगदी थोडी, गालाच्या सावलीत. वरची छोटी दाढ मात्र स्पष्ट. तिथल्या तिथे ठरलं, खाली धातू, वर झिर्कोनिया. पैसे दिसेल तिथे घालायचे. इतक्या वर्षांत एवढा साधा फोटो काढायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आता आम्ही सगळ्यांना काढायला लावतो.

तिसरा निर्णय वेळेचा, आणि इथे काकूंची भिशी आली. बारा बायकांची, हजाराची, त्यांचा नंबर मार्चमध्ये. हिरडी कापल्यावर ती स्थिरावायला सहा आठवडे तरी थांबायचंच होतं. मग मॅडमनी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलून शुगरच्या गोळ्या बदलून घेतल्या, उपाशीपोटीची शुगर खाली आल्यावर २ फेब्रुवारीला हिरडीचं काम केलं, त्याचे २,५०० आणि एक्स-रेचे ३०० पेन्शनमधून. मार्चच्या मध्यावर भिशी लागली, त्याच आठवड्यात पोस्ट, गाभा आणि दाढेचं माप. पोस्ट-कोअरचे २,००० आणि कॅपचे २,८०० भिशीतून. उधारी नाही, हप्ता नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. माप घेतल्यावर कॅप येईपर्यंत आठवडाभर टेम्पररी कॅप बसवतात, तिचे ३०० मी बिलात लावले आणि मुलगा फोनवर तापला, "ताई, हे कागदावर कुठाय?" नव्हतंच. मॅडमनी ते ३०० काढायला लावले. रक्कम छोटी, पण ज्याने एकेक रुपया मांडून ठेवलाय त्याला कागदाबाहेरचे तीनशे तीन हजारासारखे लागतात. कॅप चिकटवल्यावर दुसऱ्या दिवशी "उंच लागतेय" म्हणून परत आल्या, दहा मिनिटं घासून दिलं, त्याचे पैसे नसतात.

शेवटी काय झालं

तुटलेल्या दाढेला २०२४ मध्ये ७,६०० लागले. जुलैचे ५,३०० धरून एका दाढेचे १२,९००. तीच कॅप ऑगस्ट २०२३ मध्ये बसली असती तर ५,३०० अधिक २,८००, म्हणजे ८,१००. फरक ४,८०० चा. काकू म्हणतात, एवढी महागाची तिळाची वडी आख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी खाल्ली नसंल.

वरच्या दाढेचं नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं. भाऊबीजेला लेक आली, भावाकडून ओवाळणी घ्यायची ती आईच्या हातात १०,००० ठेवून गेली, रोख. त्याची झिर्कोनिया. नशिबाने तडा नसेपर्यंत नव्हता, रूट कॅनाल लागलं नाही, पण लागलं असतं तर काय, ह्याची तरतूद कुणीच केली नव्हती, मॅडमनी फक्त तोंडी सांगितलं होतं की लागू शकतं. म्हणजे दहा महिन्यांत दोन दात मिळून १७,६००.

तिसरी कॅप अजून तोंडात आहे. २०२५ च्या एक्स-रेत कडेला किंचित काळं दिसलंय, मॅडम म्हणाल्या घाई नाही पण आता विसरायचं पण नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने सांगते आधी. रूट कॅनाल सुरू करायच्या दिवशीच कॅपसकट आकडा सांगायला हवा होता. तेव्हा ८,१०० ऐकून काकू कदाचित दोन दिवस विचार करायला गेल्या असत्या, कदाचित दाढ काढून टाका म्हणाल्या असत्या, पण तो निर्णय पूर्ण माहितीवर झाला असता. "एका कॅपचे किती" असं फोनवर विचारणारे रोज पाच जण असतात आणि मी रेट सांगून ठेवायची. आता मीच उलट विचारते, कॅप कशावर बसवायचीय, रूट कॅनाल झालंय का, दात किती उरलाय. कारण पेशंटला भरायचे असतात ते त्या दाताचे शेवटपर्यंतचे पैसे: रूट कॅनाल, गाभा, लागलंच तर पोस्ट आणि हिरडी, टेम्पररी, आणि मग कॅप.

काकूंच्या बाजूने बघितलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २,८०० अगदीच नव्हते असं नाही, गणपतीत त्याहून जास्त खर्च झाला असं त्या स्वतःच सांगतात. २,८०० हा आकडा त्यांना माहीतच नव्हता, त्यांच्या मनात दहा-पंधरा हजार होते, कारण शेजारणीने झिर्कोनियाचे तेवढे दिले होते.

लेकीच्या पैशाचं मला चुटपूट लावून गेलं. ती टॅक्स भरते, जुन्या पद्धतीने. आई साठीच्या वरची, आईचा आरोग्य विमा नाही, अशा वेळी आईच्या उपचाराचा खर्च इन्कम टॅक्सच्या तेव्हाच्या कलम ८०डी मध्ये ५०,००० पर्यंत दाखवता यायचा, पण मुलीने स्वतः भरलेला आणि रोख सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने भरलेला लागायचा. तिने तेच दहा हजार यूपीआयने दवाखान्याला दिले असते आणि पावती घेतली असती तर वीस टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट २,०८० वाचले असते. नव्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यांना हे मिळत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर आमच्या सीएंनी सांगितलं.

कराडच्या कॉलेजबद्दल मी अजून द्विधा आहे. तुटलेल्या दाढेसाठी नको म्हणाले ते बरोबरच, उशीर परवडणारा नव्हता. पण ती जुनी कॅप बदलायची वेळ आली तर तिथेच जावं, घाई नाही, हिरडी कापायची नाही, पावसाळ्यात वाळवणं नसतात. आमच्या दवाखान्याचं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. मॅडमनाही मी हे बोलले, त्या हसल्या फक्त.

काकू परवा सहामाही तपासणीला आल्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधी माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ती डावीकडची कॅप काढायची झाली तर टेम्पररीचे तीनशे धरून कागद दे. आणि खाली एकूण लिहू नको." भिशीचा पुढचा नंबर त्यांनी ऑगस्टचा मागून घेतलाय.